माया धरून

कापडाला कात्री लावायची ती मीच, हा आमच्या घरातला कायदा. तो कुणी केला म्हणाल, तर मीच. आईचे डोळे अधू झाल्यावर मोठी कात्री माझ्या हातात आली आणि मी ती पुन्हा कुणाला दिली नाही. आई आता खिडकीपाशी बसून अंदाजाने हुक लावते आणि उरलेल्या वेळात आम्हा दोघींना नावं ठेवते. नावं ठेवायची तिची नजर अजून शाबूत आहे.

धाकट्या बहिणीला कात्रीचा सोस कधीच नव्हता. तिचा जीव कागदात. संध्याकाळी जाऊन तिने पेपर कटिंगचा, म्हणजे कपड्याचे भाग आधी कागदावर काढायचा, कोर्स केला आणि तेव्हापासून समोर माणूस आला की ती मनातल्या मनात त्याचे तुकडे पाडते: पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर. एकदा पोस्टमनचे खांदे इतके निरखून बघितले की तो बिचारा पत्र टाकून पळाला. पण तपकिरी कागदावर ती मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, अशी गोलाई काढते की बघत राहावं. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. आधीच ती डोक्यावर मिऱ्या वाटते.

खेळाचे कपडे करणारी एक मोठी कंपनी पेपर कटिंगसाठी माणूस घेणार होती. जागा एकच, आणि काम दुसऱ्या शहरात, दिवसभराच्या प्रवासावर. वयाची अट अशी की धाकटीला हे शेवटचं वर्ष. आलेल्या प्रत्येकीला कंपनीने सारखंच कापड मोजून दिलं होतं: गडद निळं, राखाडी, पांढरं आणि थोडंसं कोवळ्या पानासारखं हिरवं. त्यातून वसंतासाठी सात कपडे करायचे. रोज घालता येतील असे साधे, खेळाच्या वळणाचे, आणि काही वर्षांनी घातले तरी जुनाट दिसू नयेत असे. वर पुन्हा अट, की वरचा कुठलाही कपडा खालच्या कुठल्याही कपड्यावर शोभला पाहिजे.

"म्हणजे थोड्या कपड्यांत पुष्कळ दिवस काढायचे," धाकटीने आईला समजावून सांगितलं.

"यात शिकायचं काय असतं?" आई म्हणाली. "आपण जन्मभर तेच केलं."

मला ती जायला नको होती. हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याबद्दल गैरसमज करून घ्यायला नको. घरात मात्र मी अवाक्षर काढलं नव्हतं. 'नको' म्हटलं असतं तर ती थांबली असती, आणि मग तिचा तो थांबलेला चेहरा मला रोज चहाच्या वेळी बघावा लागला असता. त्यापेक्षा तोंड शिवून बसलेलं बरं. शिवायला तर मला येतंच.

कपडे अंगावर घालून दाखवायला प्रत्येकीने आपलं माणूस आणायचं होतं. धाकटीने तिची मैत्रीण ठरवली. ती शाळेत खेळ शिकवते. आम्ही तिला व्हॉलीबॉलवाली म्हणतो. उंच, रुंद खांद्यांची, आमच्या दारातून आत येताना सवयीने मान वाकवणारी. धाकटीने तिची मापं घेतली, कागद काढले, कडेने कापले, आणि एका दुपारी तो सगळा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. टेबल म्हणजे दोन घडवंच्यांवर टाकलेलं एक जुनं दार आहे.

"ताई, कापायचं तू," ती म्हणाली.

कापायला आणि शिवायला मदत चालत होती. कंपनीला बघायचा होता तो कागद आणि त्यामागचा विचार. तरी मला जरा नवल वाटलं. मी चष्मा पुसत म्हटलं, "तुझा हात काय मोडलाय?"

"कापतोय," ती म्हणाली आणि हसली. मग चपला घालून चेन आणि बटणं आणायला निघाली. दारातून मागे वळून म्हणाली, "माया धरून काप हं."

"माहीत आहे. जा."

एवढंच बोलणं झालं. पुढे जे रामायण झालं ते या एवढ्याशा बोलण्यातून.

ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. शिवणीच्या आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. माणूस सुटला की तीच माया उसवून कपडा सैल करता येतो. माया न ठेवता कापलं तर शिवण मापाच्या आत जाते आणि कपडा आवळतो. ही गोष्ट शिवणकामातल्या पोरीसोरींनाही माहीत असते. मला माहीत नसेल असं कुणी म्हटलं तर मी त्याला दारात उभं करणार नाही.

मी कापड पसरलं. आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवलं होतंच. कागद लावले, टाचण्या मारल्या, खडूने कडेकडेने रेघ ओढली आणि कात्री चालवली. पोलो टी-शर्ट, गोल गळ्याचा टी-शर्ट, चेनचं जॅकेट, बिनबाह्यांचा सुटसुटीत फ्रॉक, सरळ पॅन्ट, नाडीची पॅन्ट आणि चुण्यांचा आखूड स्कर्ट. हात असा चालला की थांबावंसंच वाटेना. मनात मात्र येत होतं, की बाई, हे तू बहिणीचं सामान बांधते आहेस. कापून झाल्यावर उरले ते फक्त चिंध्यांसारखे तुकडे. कंपनीने कापड अगदी हिशेबात दिलं होतं.

मग शिवण सुरू झालं. लांब शिवणी मी ओव्हरलॉकवर घेत होते. ते यंत्र शिवता शिवता कडा छाटून टाकतं, म्हणजे मागे फिरायची सोयच नाही. कॉलर, खिसे, पट्ट्या धाकटीकडे. जॅकेटची चेन लावायला घेतली तेव्हा ती पुढच्या भागापेक्षा लांब निघाली.

"दुकानदाराने चुकीची दिली," धाकटी म्हणाली.

तिनेच नीट बघून घेतली नसेल, असं मी मनात म्हटलं आणि चेन आखूड करून दिली. ताणाचं कापड टेबलावर तसंही लहानच दिसतं. आम्हा दोघींनाही त्यापलीकडे शंका आली नाही.

कंपनीतल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी व्हॉलीबॉलवाली घालून बघायला आली. पडद्यामागे गेली. बराच वेळ आतून नुसती खुडबुड ऐकू येत होती.

"झालं का ग?" धाकटीने विचारलं.

"डोकं," आतून दबका आवाज आला. "डोकं बाहेर येत नाहीये."

आम्ही पडदा सरकवला. पोलो टी-शर्टमध्ये ती कोपरांपर्यंत अडकली होती आणि हात वर करून आंधळ्यासारखी उभी होती. दुसरी वेळ असती तर मी हसून लोटपोट झाले असते. आम्ही दोघींनी ओढून तिला त्यातून सोडवलं. मग जॅकेट. ते खांद्यावर चढलं, पण पुढे चेन भेटेना. पॅन्ट मांड्यांवरच थांबली. व्हॉलीबॉलवाली लाजून म्हणाली, "मी जाड झाले का?"

धाकटीने पॅन्ट उलटी करून शिवण बघितली, मग टेबलाखालचे कागद ओढून काढले, एक कागद पॅन्टवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"ताई, तू कागदाच्या कडेने कापलंस?"

"मग काय कागदाच्या मधून कापू?"

"माया?"

"माया कागदात आहे ना! तूच म्हणालीस, माया धरून काप."

"धरून म्हणजे बाहेर धरून! बोटभर बाहेर!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पायाखालची जमीन सरकली. आमच्या आईच्या प्रत्येक कागदात माया आधीच धरलेली असते. आमच्या घरात 'माया धरून' म्हटलं की कागद तसाच ठेवायचा आणि डोळे मिटून कडेने कापायचं. धाकटीही त्याच घरात वाढली. पण हे कागद तिने कोर्सच्या पद्धतीने काढले होते, निव्वळ अंगाच्या मापाचे. तिथले मास्तर म्हणायचे, "माया धरून कापा," म्हणजे कागदाच्या बाहेर बोटभर सोडून कापा. शब्द एकच. तिला वाटलं ताईला कळलं आणि मला वाटलं यात कळायचं काय आहे.

व्हॉलीबॉलवालीने हळूच आपली पिशवी उचलली. "मी जाते," असं म्हणून ती मान वाकवून बाहेर पडली.

"तू मुद्दाम केलंस," धाकटी म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिने. चढवला असता तर मी दुप्पट चढवला असता आणि भांडण नेहमीच्या रस्त्याने जाऊन चहावर मिटलं असतं.

"काय म्हणालीस?"

"मी जाऊ नये म्हणून."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आजवर एक बाही उलटी कापलेली नाही, एक गळा खोल केलेला नाही. लोकांची लग्नाची कापडं लोक माझ्यापुढे टाकून निर्धास्त घरी जातात. आणि माझ्या पाठच्या बहिणीने मला हे तोंडावर म्हणावं! पण त्या रागाच्या तळाशी भीती होती, तीही सांगते. ती जायला नको होती हे खरं. कापड माझ्या हातून आखूड कापलं गेलं हेही खरं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्यावर मलाच माझ्या हाताचा भरवसा वाटेना.

"भांडू नका ग," आई खिडकीतून म्हणाली. "काय झालंय ते आधी मला सांगा."

"काही झालं नाहीये!" मी ओरडले. "कापणं बिघडलंय म्हणते ही. कुठे बिघडलंय? शिवण वाकडी आहे? मुंढा ओढतोय? थांब, दाखवते तुला!"

मी तो पोलो टी-शर्ट उचलला, पडद्यामागे गेले, माझा खडूच्या खिशांचा ढगळ झगा काढून फेकला आणि टी-शर्ट डोक्यातून घातला. हाताला लागली ती राखाडी पॅन्ट चढवली. तशीच तरातरा बाहेर आले.

"बघ. कुठे बिघडलंय ते दाखव!"

मी आत असताना मुसमुसायला लागलेली धाकटी रडायची थांबली. मी तिच्या खांद्याला लागते आणि अंगानेही तिच्या त्या मैत्रिणीपेक्षा बारीक आहे. टी-शर्ट माझ्या अंगावर जसा बसायला हवा तसा बसला होता. खांद्याची शिवण खांद्यावर, बाही दंडाच्या मध्यावर, आणि मैत्रिणीच्या नडगीपर्यंत धरलेली पॅन्ट माझ्या घोट्यापर्यंत.

ती माझ्याभोवती एक फेरी मारून आली. तिने माझा उजवा खांदा दाबून बघितला. वर्षानुवर्षं कात्री चालवून तो डाव्यापेक्षा उतरला आहे. "इथे आतून पातळ पट्टी घालावी लागेल," ती म्हणाली. आवाज अजून रडका होता, पण डोळे तुकडे पाडायला लागले होते.

"कुणाला घालावी लागेल?"

"तुला."

"वेडी आहेस का? मी नाही यायची तिथे गुडघे दाखवत!"

"ताई, कापड संपलंय," ती म्हणाली. तिने 'प्लीज' म्हटलं नाही, आणि मघाचा शब्दही मागे घेतला नाही.

"दिसतेय कशी ही?" आईने विचारलं.

"बरी दिसतेय," धाकटी म्हणाली.

"मग जा की," आई म्हणाली. "चाळिशी उलटल्यावर का होईना, एकदा तरी खेळायला जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी कंपनीच्या लांबलचक हॉलमध्ये बाकावर बसलो होतो. वाटेत तिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं केलं. खांदा ओढतोय का, कंबर काचतेय का, एवढंच. हॉलच्या एका भिंतीला आरसे होते आणि दुसऱ्या भिंतीला कापडाचे तागे उभे करून ठेवले होते. बाकीच्या मुलींनी आणलेल्या पोरी लांब पायांच्या, ताठ मानेच्या. त्यांच्या मध्ये मी गडद निळ्या स्कर्टमध्ये गुडघे एकमेकांना चिकटवून बसलेली. समोरच्या आरशात दिसणारी बाई मीच आहे हे मला दर वेळी नव्याने कळत होतं.

धाकटी नखं खात होती. मी तिच्या हातावर चापटी मारली. तिने हात मांडीखाली घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

परीक्षक बाई माझ्याच वयाच्या असतील. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. त्या हसत नव्हत्या आणि रागावतही नव्हत्या. त्यांनी मला उभं केलं, बसवलं, हात वर करायला लावले, उकिडवं बसवलं. मग म्हणाल्या, "त्या भिंतीपर्यंत पळत जाऊन या."

मी पळाले. शेवटचं कधी पळाले होते ते आठवत नाही. एक पोरगी खुदकन हसल्याचं ऐकू आलं. पण टी-शर्ट वर सरकला नाही, स्कर्टच्या चुण्या उघडून पुन्हा जागच्या जागी बसल्या आणि जॅकेटने हाताला कुठे अडवलं नाही. परत येताना मला माझ्या बहिणीचा इतका अभिमान वाटला की मी धापा टाकत हसले.

मग बाईंनी कपडे बदलायला लावले. हिरवा गोल गळा राखाडी पॅन्टवर, फ्रॉकवर जॅकेट, पोलो नाडीच्या पॅन्टवर. त्या नुसतं बोट दाखवायच्या आणि मी पडद्यामागे पळायचे. कुठलीच जोडी चुकली नाही. "चांगलं आहे," एकदाच म्हणाल्या त्या. धाकटीने श्वास सोडला.

"कागद दाखवा."

धाकटीने कागद टेबलावर पसरले. बाईंनी काढून ठेवलेला पोलो त्यावर ठेवला, टेप लावली, कपाळाला आठी घातली. पुन्हा टेप लावली. मग पॅन्ट. मग जॅकेट.

"हे कागद कुणाच्या मापाचे आहेत?"

"माझ्या मैत्रिणीच्या," धाकटी म्हणाली. "ती येऊ शकली नाही."

"येऊ शकली नाही की कपड्यात मावली नाही?"

बाई कागदावर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, "कपडा कागदापेक्षा सगळीकडून बोटभर आत आहे. याचा अर्थ दोनपैकी एक. या कागदात माया धरलेली आहे असं म्हणाल, तर मैत्रिणीला तुम्ही आखूड मापाचा कागद काढलात. तसं असेल तर तुमचा माझ्याकडे उपयोग नाही. नाहीतर कागद बरोबर आहे आणि कापणाऱ्याने माया ठेवली नाही. कागदावर तर तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. कापलं कुणी?"

"मी," मी म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला कापायला देताना काय सांगितलं होतं? जसं सांगितलं तसं सांगा."

धाकटी माझ्याकडे बघत होती. कालपासून पहिल्यांदाच. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, तेच मला जास्त लागलं. तिने मनातून धरूनच टाकलं होतं की आता संपलं.

जसं सांगितलं तसं म्हणजे, 'माया धरून काप.' बाईंनी पुढचं विचारलंच असतं: कशात धरून? कागदाच्या आत की बाहेर? आणि त्याला धाकटीकडे उत्तर नव्हतं. अर्धवट सांगून मोकळी होणारी मुलगी त्यांनी कशाला घेतली असती? मला खोटं बोलायचीही गरज नव्हती. जे घडलं ते जसंच्या तसं बोलले असते तरी ती माझ्या घरी, माझ्या टेबलाशी, जन्मभर राहिली असती. आणि मला कुणी दोषही दिला नसता. त्या क्षणी मला ते हवं होतं.

"बोला," बाई म्हणाल्या.

"कागदाबाहेर माया ठेवून काप, म्हणाली होती," मी म्हटलं. "मी ठेवली नाही."

"ठेवून म्हणाल्या?"

"हो. अगदी स्पष्ट."

"मग का नाही ठेवली?"

"आमच्या घरच्या कागदांत ती आतच असते. सवयीने कडेकडेने कापत गेले. हिने सांगितलेलं डोक्यातच शिरलं नाही. कागदात काही चूक नाही. चूक माझी."

"कापायचं काम किती वर्षं करताय?"

"हिला शाळेत घातलं तेव्हापासून."

मागे कुणीतरी 'च्‌' केलं. माझे कान तापले. उभ्या जन्मात कापड बिघडवलं नाही म्हणून मी मिरवते, आणि अनोळखी पोरींच्या घोळक्यात, आखूड स्कर्ट घालून, मी ते बिघडवलं म्हणून सांगत होते. कुठेतरी झाकून घ्यावं असं वाटत होतं, पण त्या कपड्यांना झाकण्यापुरतंही जास्तीचं कापड नव्हतं.

बाईंनी कागदावरची मुंढ्याची गोलाई बोटाने चाचपून बघितली, मी बघत राहते तशी. मग धाकटीला म्हणाल्या, "पुढच्या वेळी कागदावर लिहायचं. तोंडी सांगायचं नाही."

"हो," धाकटी म्हणाली.

निकाल त्याच दिवशी होता. आम्ही बाकावर बसून राहिलो. मी माझा झगा घातला होता, खिशात खडू हाताला लागला तेव्हा जरा बरं वाटलं. पुष्कळ वेळाने एक माणूस बाहेर आला आणि त्याने एकच नाव पुकारलं. धाकटीचं. मी तिला काखेत धरून उठवलं. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. कपडे कंपनीकडेच राहणार होते.

बस थांब्यावर आम्ही दोघीच होतो. ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मी 'धरून' म्हणाले होते."

"असेल."

"तू 'ठेवून' म्हणालीस."

"मला हल्ली कमी ऐकू येतं."

ती हसली नाही. मलाही हसू येईना. मग मी बोलून टाकलं. "हे बघ, आता जागा तुझी झाली. आता मी काहीही बोलले तरी ती कुठे जात नाही, म्हणून सांगते. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. पहिल्या दिवसापासून वाटतंय. तुझ्याशिवाय त्या घरात मी आणि आई एकमेकींना नावं ठेवून मरून जाऊ."

"मला माहीत होतं."

"कशावरून?"

"उठता बसता 'नको' म्हणणारी बाई तू. आणि याला एकदाही 'नको' म्हणाली नाहीस."

"मग मला कशाला दिलंस कापायला?" मी विचारलं. "तुझे ते मास्तर होते की."

"मास्तर स्वतः कापून देतो म्हणाले होते. मीच नको म्हटलं." ती अजून रस्त्याकडेच बघत होती. "त्यांनी कापलं असतं तर मी तुला न विचारताच गेले असते. तू कापून दिलंस, म्हणजे तू जा म्हणालीस, असं मी धरून चालले होते, ताई. मग तो टी-शर्ट तिच्या डोक्यात अडकला आणि मला वाटलं, तू नको म्हणालीस."

बस आली. दार उघडलं. चालक आमच्याकडे बघत थांबला.

"मग आता तोंडाने सांग," धाकटी म्हणाली. "मला नीट ऐकायचंय."

"जा," मी म्हणाले, आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं. माझं डोकं तिच्या खांद्याशी आलं. चालकाने थोडी वाट बघितली आणि दार लावून घेतलं. ती बस आम्ही सोडून दिली.